नावाड्याच्या नवरीचा वरचा सूर

नवव्या प्रयोगालाही तो सूर आला नाही.

बर्तिल तळमजल्याच्या बोळात आपल्या स्टुलावर बसली होती. मांडीवर विणकाम, डोक्यावर गुलाबी फितीची टोपी, पाठीशी बॉक्सची बंद दारं. ग्लिसीन थिएटरात बॉक्सची दारं उघडायची, बायकांच्या पायांखाली छोटी चौरंगं सरकवायची, हे तिचं काम. ‘नावाड्याची नवरी’चा तिसरा अंक तिला दाराआडूनही टाक्यागणिक पाठ होता. आधी मठातली हार्मोनियम, मग नवरीचं गाणं, मग शेवटची चढण आणि टोकाला तो सूर. त्या सुराला तिची सुई आपोआप थांबायची.

आजही थांबली. सूर चढला, अर्ध्यात चिरला, आणि ऑर्केस्ट्राने घाईघाईने त्याच्यावर पांघरूण घातलं.

टाळ्या पडल्या. आजाऱ्याकडे फळं नेतात तशा.

“आठ दिवस, नऊ प्रयोग,” वरच्या मजल्यावरची फानी जिन्यातून वाकून म्हणाली. “संपली गं तुझी क्लेमांस. सोमवारपासून इर्मा उभी राहणार, लिहून घे.”

फानीकडे पहिल्या मजल्याचे बॉक्स होते, खानदानी गिऱ्हाइकांचे. त्यामुळे तिचं काहीही बर्तिलला आवडत नसे, बातमीसुद्धा.

तेवढ्यात कपडेपटातली मारीवोन धावत आली.

“बर्तिलबाई, चला. बाईंनी बोलावलंय. आत्ता, अश्शा.”

*

क्लेमांस दार्व्हिल आरशासमोर बसली होती. अर्धा चेहरा नवरीचा, अर्धा एक्केचाळीस वर्षांच्या थकलेल्या बाईचा. आरशाच्या कडेला वर्तमानपत्राचं कात्रण खोचलेलं होतं. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिची आई, मादाम झेली, शाल गुंडाळून चेस्टनट सोलत होती.

“बर्तिल,” क्लेमांस म्हणाली, “माझा आवाज कुणीतरी चोरतंय.”

“चोरायला आधी असावा लागतो,” आई म्हणाली.

“आई, गप्प बस.”

“बसले.”

“पोलिसांना सांगितलं तर हसतील,” क्लेमांस म्हणाली. “पण गेल्या वर्षी बॉक्समधली ती हिऱ्याची कुडी पोलिसांआधी तू शोधलीस. मालक रविवारच्या दुपारच्या प्रयोगापर्यंत थांबतोय. तेव्हाही नाही लागला, तर हे पत्र त्याला द्यायचं.” तिने टेबलावरचा लिफाफा बोटाने ढकलला. “भूमिका इर्माला. मी राजीखुशीने सोडतेय, असं लिहिलंय. आणि या वयात एक भूमिका सोडली की दुसरी मिळत नाही, बर्तिल. तुला माहीत आहे.”

बर्तिलला माहीत होतं. नऊ वर्षांपूर्वी ही नवरी क्लेमांसनेच पहिल्यांदा उभी केली. छापील स्वरपुस्तकावर तिचंच नाव होतं. तेव्हापासून शहरात हे गाणं म्हणजे ती. महिन्यापूर्वी हे संगीत नाटक पुन्हा लागलं, तेव्हा पहिले तीन आठवडे रोज वन्समोअर घेत होती.

“कधीपासून जातोय सूर?”

“गेल्या गुरुवारपासून. त्याच्या आदल्या दिवशी हे छापून आलं.” तिने कात्रणाकडे हात केला. बर्तिलने वाचलं. ‘असा सूर फ्रान्सच्या रंगमंचावर आजवर कुणी ऐकला नव्हता.’ खाली मुलाखत होती. हा सूर आपल्याला संगीतशाळेतल्या प्राध्यापकांनी दिला, असं बाईंनी सांगितलं होतं.

“दृष्ट लागली,” मारीवोन पुटपुटली.

“घरी लागतो?”

“तेच तर! रोज सकाळी, माझ्या पियानोवर, दहादा. इथे आले की घसा जड. फक्त तो सूर नाही. सगळं गाणंच डोंगर चढल्यासारखं.”

“इथे आल्यावर काय पिता?”

“दुसऱ्या अंकानंतर वाइनमध्ये फेटलेलं अंडं. मारीवोन करते.”

मारीवोनने छातीवर क्रूस काढला. “देवाशप्पथ, अंडं ताजं असतं!”

“आणि इर्मा?”

क्लेमांसचे ओठ आवळले. “रोज व्हायोलेटच्या गोळ्या आणून देते. ‘ताई, घशाला बरं पडेल.’ ताई म्हणे! बावीस वर्षांची भवानी. विंगेत उभी राहून माझ्या तोंडाकडे बघते, मांजर कोंबडीकडे बघतं तशी.”

“कुणी चोरत नाही गं,” आई चेस्टनटचं साल झटकत म्हणाली. “एक्केचाळिसावं वर्ष चोरतं. माझंही त्याच सुमाराला गेलं. मी नाही पोलीस बोलावले.”

*

शुक्रवारी बर्तिलने दोन गोष्टी केल्या. मारीवोनचं अंडं स्वतः प्यायली आणि व्हायोलेटच्या सहा गोळ्या खाल्ल्या. अंड्याने झोप आली, गोळ्यांनी दात दुखला. घशाला काही झालं नाही.

मग तिने इर्मा ब्लांशेला जिन्यात गाठलं.

“तुला ती भूमिका हवी आहे ना?”

“मग? मी इथे बुटांचे बंद बांधायला आलेय?” इर्मा भडकली. “हो, जळते मी. दोन वर्षं बदली म्हणून बसलेय, आणि बाईसाहेबांना साधी सर्दी होत नाही. पण बर्तिलबाई, एक सांगू? मला ती अशी नको.”

“अशी म्हणजे?”

“तिने सोडली म्हणून. मला वाटतं, लोकांनी तिला ऐकावं, मग मला ऐकावं, आणि कोण सरस यावर घरी जाऊन भांडावं.” ती जरा थांबली. “शिवाय माझंच काहीतरी बिनसलंय. रोज विंगेत तिच्याबरोबर मी ते गाणं ओठांत म्हणते. सवय आहे. मला सूर लागतो. पण हल्ली जिन्याला एक पायरी जास्त असल्यासारखं वाटतं. अंधारात पाय टाकावा आणि जमीन यायच्या आत अजून एक.”

“कधीपासून?”

“झाला आठवडा.”

बर्तिलने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग खिशातली सातवी गोळी तिला परत केली.

*

शनिवारी प्रयोगाआधी ती रंगमंचाखालच्या खोलीत उतरली. मालकाचा नियम होता, प्रेक्षकांसमोर वाद्यं कुरकुरता कामा नयेत. म्हणून वादक खालीच सूर जुळवून वर जात. भिंतीवर लाकडी खोक्यावर नादकाटा बसवलेला असे. तो वाजवला की ओबो हे सनईसारखं वाद्य वाजवणारा त्याचा सूर उचलायचा आणि बाकी सगळे ओबोचा.

खोलीत शेगडी पेटली होती. बासरीवाला गास्पार बासरीचे सांधे घट्ट करत होता आणि शिव्या देत होता.

“अजून किती ठोसू? पार आत गेली. बासरी आहे की बुटातला मोजा?”

“का, उतरली का?” बर्तिलने विचारलं.

“बासरी नाही, माझं नशीब उतरलंय. ओबोवाल्यानेही नवी पत्ती घेतली, आखूड. व्हायोलिनवाल्यांच्या या आठवड्यात तीन तारा तुटल्या. आणि हार्मोनियम? चढायचं नावच घेईना. आमच्याशी भांडल्यासारखी खाली वाजते. दुरुस्तीला पाठवली तर कारागिराने परत पाठवली. म्हणे, धडधाकट आहे, तुमचे कान तपासा.”

“गॅसचे दिवे,” ऑर्केस्ट्राचा संचालक लाग्रांज हातमोजे काढत म्हणाला. छत्तिशीचा देखणा माणूस. कुठल्याही प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असे. “उष्णतेने वाद्यं चढतात. थिएटरात हे व्हायचंच.”

“फेब्रुवारीत?” बर्तिल म्हणाली. “तुमच्या वादकांच्या खड्ड्याला लागूनच्या बॉक्समध्ये तर मी काल दोन बायकांच्या पायांशी गरम विटा ठेवल्या, मॉस्यू.”

“बाई, तुम्ही चौरंग सरकवा. संगीत माझ्याकडे ठेवा.”

बर्तिलने मान डोलावली. तिचा नवरा पियानो लावायचा. अकरा वर्षं ती त्याची पिशवी उचलून घरोघरी फिरली होती. उष्णतेने बासऱ्या चढतात हे तिलाही माहीत होतं. आणि तारा ढिल्या पडतात, तुटत नाहीत, हेही.

“इथे कोण कोण येतं हो, गास्पार?”

“आम्ही. आणि थोरल्या बाई, मादाम झेली. मागचा जिना त्यांना झेपत नाही म्हणतात, म्हणून प्रयोग सुरू होईपर्यंत इथे शेगडीशी बसतात. कटकट होती आधी. रोज तेच तुणतुणं! ‘सम्राटाने कायदा करून तुमचा सूर खाली आणला. आमच्या वेळी सूर उंच होता. तुमचा बुटका, म्हणून तुमच्या बायका चढतात.’ वीस वर्षं तेच ऐकवत होत्या म्हणे सगळ्या थिएटरांत. पण म्हातारी सुधारली हो! आठवडा झाला, एकदाही आमच्या सुराला बुटका म्हणाली नाही. उलट चेस्टनट वाटते.”

“वा,” बर्तिल म्हणाली.

“तुम्हालाही देऊ?”

“नको. दात दुखतोय.”

*

रविवारी दुपारच्या प्रयोगाच्या तासभर आधी, कुणी यायच्या आत, बर्तिल पुन्हा खाली गेली. बरोबर नवऱ्याची जुनी पिशवी होती. भिंतीपाशी ती दोन मिनिटं उभी राहिली, वाकून काहीतरी ऐकलं, खोक्याशी जरा खटपट केली, पिशवी मिटली आणि वर येऊन बायकांच्या पायांखाली चौरंगं सरकवायला लागली.

तिसऱ्या अंकात तिने विणकाम हातातच घेतलं नाही.

हार्मोनियम वाजली. आज ती कुणाशी भांडली नाही. मग क्लेमांस. पहिल्या ओळीतच काहीतरी सैल झालं, ओलं दार उन्हात सुटावं तसं. चढण आली. क्लेमांस भीत भीत चढली. आणि सूर आला. आला आणि थांबला, पूर्ण, गोल, दारांतून बोळात शिरून बर्तिलच्या टोपीच्या फितींपर्यंत.

आतून छप्पर उडेल असा गलका झाला. वन्समोअर! वन्समोअर!

जिन्यात फानी रडत होती. “लागला गं!” ती म्हणाली, जणू तिनेच लावला होता.

बर्तिल थांबली नाही. ती मागच्या दाराने थेट रंगमंचाखालच्या खोलीत गेली आणि शेगडीच्या आडोशाला उभी राहिली.

वर टाळ्यांचा कडकडाट चालू होता. खालचं दार उघडलं. मादाम झेली आत आली. शाल नव्हती, काठी नव्हती. न झेपणारा मागचा जिना ती दोन-दोन पायऱ्या उतरून आली होती. ती सरळ भिंतीशी गेली, नादकाटा वाजवला, कान लावला. पुन्हा वाजवला.

“तो नाहीये,” बर्तिल म्हणाली. “तुमचा माझ्या पिशवीत आहे.”

म्हातारी वळली. चेहऱ्यावर भीती नव्हती. चिडकेपणा होता, पत्ते खेळताना कुणीतरी हात बघितल्यासारखा.

तेवढ्यात दारात क्लेमांस उभी राहिली, नवरीच्या वेशात, धापा टाकत. मागे लाग्रांज आणि गास्पार.

“आई! सगळे मला मिठ्या मारतायत आणि तू कुठे...” ती थांबली. बर्तिलच्या एका हातात पिशवीतला आणि दुसऱ्या हातात भिंतीवरून उतरवलेला नादकाटा होता.

*

“बाई, कुणी तुमचा घसा चोरला नव्हता,” बर्तिल म्हणाली. “जमीन चोरली होती. तुम्ही तेवढंच चढत होतात, पण जमीनच वर उचलली होती.”

“स्पष्ट बोल.”

“पहिल्यांदा मलाही वाटलं, औषध. पण मग इर्मालाही जिना उंच कसा वाटला? ती ना ते अंडं पिते, ना तिला वर्ष चोरतं. म्हणजे बिघाड तुमच्या गळ्यात नव्हता, सुरात होता. घरच्या पियानोवर सूर लागत होता, कारण तो पियानो जिथे लावला तिथेच होता. हार्मोनियमसुद्धा जिथल्या तिथे होती. तिच्या पट्ट्या काही चढत नाहीत. बाकी सगळे चढले, म्हणून ती खाली वाटली. बासरी आत ठोसावी लागली, तारा ताणून तुटल्या. सगळं घर उंचावलं आणि कुणाला कळलं नाही, कारण सगळे एकत्रच उंचावले.”

लाग्रांजने घसा खाकरला. “मला शंका होतीच.”

“असणारच, मॉस्यू.” बर्तिलने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “आता सगळ्यांना एकदम कोण उचलू शकतं? फक्त हा.” तिने भिंतीवरच्या खोक्यावर टिचकी मारली. “आज प्रयोगाआधी माझ्या नवऱ्याचा काटा मी याच्या शेजारी वाजवला. त्याच्यावर सरकारी शिक्का आहे. कायद्याप्रमाणे सगळ्यांचा सूर एकच असायला हवा. पण दोघे एकमेकांशी वॉव वॉव करून भांडायला लागले. जवळजवळ पाव सुराचा फरक. आणि भिंतीवरच्यावर शिक्काच नव्हता.”

“ओबोवाला!” गास्पार म्हणाला. “मला वाटलंच, तो हरामखोर...”

“ओबोवाल्याला काटा बदलायची गरज काय? त्याने नुसतं वर फुंकलं असतं तरी तुम्ही त्याच्या मागे गेला असतात. उलट बिचाऱ्याला स्वतःच्या पैशाने आखूड पत्ती घ्यावी लागली. काटा त्यानेच बदलला, ज्याला वाजवता येत नाही. आणि एवढा उंच काटा आज मिळत नाही. कायदा होऊन पंचवीस वर्षं झाली. तो कायद्याच्या आधीचा. इथे पंचवीस वर्षांपूर्वी गाणारं कोण होतं? मॉस्यू लाग्रांज तेव्हा शाळेत होते. इर्मा जन्मली नव्हती. बाई, तुम्ही सोळाच्या.”

वर लोक अजून पाय आपटत होते.

“तरी मला खात्री नव्हती,” बर्तिल म्हणाली. “पण मादाम, तुम्ही वीस वर्षं रोज एक टोमणा मारलात. सूर बुटका, सूर बुटका. आणि बरोबर गेल्या गुरुवारी थांबलात. बुटका राहिलाच नव्हता, मग कसं म्हणणार? आज मी माझा काटा लावला. म्हटलं, सूर लागला की जो वर धावेल तो आनंदाने धावेल, आणि जो खाली धावेल तो...”

“धावला,” झेली म्हणाली. “पाय मुरगळला वर.”

क्लेमांस भिंतीला टेकली. रंग ओघळून तिच्या गळ्यापर्यंत आला होता.

“का?”

“ते कात्रण.” म्हातारीने वर, क्लेमांसच्या खोलीकडे बोट केलं. “‘फ्रान्सच्या रंगमंचावर आजवर कुणी ऐकला नव्हता.’ रूआँच्या रंगमंचावर मी साठ रात्री लावलाय तो सूर. या काट्यावर. तुला पाळण्यात विंगेत ठेवून. तू रडायचीस, मी गाऊन यायचे. आणि तुला तो दिला कुणी? प्राध्यापकाने? प्राध्यापक! तू बारा वर्षांची होतीस तेव्हा बटाटे सोलता सोलता मी तुला तो दिलाय. वर्तमानपत्राला सांगताना तुला ते आठवलं नाही.”

“म्हणून माझं सगळं करिअर...”

“मला तुझं करिअर नको होतं. मला फक्त बघायचं होतं, त्या उंचीवर तू चढतेस का.” झेलीने नाक वर केलं. “एक रात्र म्हटलं. नाही चढलीस. मग म्हटलं, अजून एक. मग रोज वाटायला लागलं, आज चढेल. आणि खरं सांगू? रोज वाटायचं, देवा, आज नको.”

“चढले असते तर?”

“तर मी मेले असते.”

गास्पारने टोपी काढली. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. लाग्रांज दार ओढून निघून गेला.

मारीवोन लिफाफा घेऊन जिन्यातून खाली आली. “बाई, मालक विचारतायत, पत्राचं काय?”

क्लेमांसने लिफाफा घेतला, शेगडीत टाकला आणि तो काळा पडेपर्यंत बघत राहिली. बर्तिलला वाटलं आता ती ओरडेल. निदान रडेल. पण वर तीनशे माणसं तिच्या नावाने ओरडत होती आणि ती तिकडे लक्षच देत नव्हती. ती आपल्या आईकडे बघत होती. बर्तिलने ती नजर ओळखली. ती इर्माच्या डोळ्यांत पाहिली होती. बोळात, फानीकडे बघताना, स्वतःच्याही डोळ्यांत असणार.

“साठ रात्री?” क्लेमांसने विचारलं.

“एकसष्ट. एका रविवारी दोन प्रयोग होते.”

“एकदाही गेला नाही?”

“एकदा. तुला गोवर झाला होता.”

क्लेमांसने हात पुढे केला. “बर्तिल, तो दे.”

“कुठला?”

“उंचावाला.” तिने बिनशिक्क्याचा काटा मुठीत घेतला. “उद्या सोमवार. सकाळी माणूस बोलावून माझा पियानो याच्यावर लावून घेते. दहा वाजता, आई, तू माझ्याकडे ये. समोर उभी राहा. आधी तू गाऊन दाखव. मग मी.”

म्हातारीचा चेहरा उतरला. बर्तिलने तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. बासष्ट वर्षांचे हात शाल शोधायला लागले, शाल नव्हती.

“दहाला नको,” अखेर ती म्हणाली. “अकराला. सकाळी माझा आवाज उघडायला वेळ लागतो.”